साखळीचा सोमवार

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात दाक्षायणी बिराजदार नावाच्या बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. मुलं त्यांना घाबरायची, प्राचार्य त्यांना पाहून वाट बदलायचे आणि मी, म्हणजे पदार्थविज्ञानाचा वाघमोडे, त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी कडाकडा भांडायचो. तरीही आजवर पाहिलेलं सगळ्यात चिवट माणूस कोण असं मला कुणी विचारलं, तर मी याच बाईंचं नाव घेईन. मी नातेपुत्याकडचा, मेंढरांच्या वाड्यात वाढलेला. चिवट माणसं मी काही कमी पाहिलेली नाहीत.

बाई उंचीनं बेताच्या, आवाजानं मोठ्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, त्याखाली कुंकू, आणि हातात कायम एखादी काचेची नळी. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्या मुलाला नावानं उठवायच्या. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे चिडल्या की कानडीत चिडायच्या आणि समजूत घालायची वेळ आली की मराठीत यायच्या. नवरा शिवपुत्र, बार्शीच्या बाजारात धान्याची अडत सांभाळायचा आणि रविवारपुरता घरी यायचा. एरवी घर चालायचं ते सासूबाईंच्या, म्हणजे सुंदरम्मांच्या हुकमतीत. बाई त्यांना कानडी रीतीनं 'अत्ती' म्हणत.

स्वतःची मुलं थोडी हाताशी आल्यावर, पस्तिशीच्या आसपास, बाईंनी पीएच.डी.ला नाव घातलं. साल त्र्याहत्तर. बहात्तरच्या दुष्काळाचा धसका अजून लोकांच्या मनातून गेला नव्हता, आणि बाईंचा विषय काय, तर विजेचा भार असलेल्या पॉलिपेप्टाइडच्या साखळीला पाण्यात किती पाणी चिकटून राहतं! स्टाफरूममध्ये हशा पिकला. "गावाला प्यायला पाणी नाही, आणि बाई चिमूटभर पुडीला किती पाणी लागतं ते मोजणार," असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमच्या अंगात जेवढी प्रथिनं आहेत की, ती सगळी पाण्यात बसलेली आहेत. ते पाणी काढून घेतलं तर तुमचं वाळलेलं भरीत होईल. मग हसा."

त्यानंतर निदान त्यांच्या समोर कुणी हसलं नाही.

मला हा विषय त्यांनी एसटीच्या हिशेबानं समजावला. प्रथिनं म्हणजे लांबलचक साखळ्या. बाईंची साखळी त्यातली अगदी साधी, प्रयोगासाठी मुद्दाम बनवलेली, आणि तिच्या प्रत्येक कडीवर विजेचा एक ऋण भार. "बार्शीच्या स्टँडवर गाडी लागली की काय होतं, वाघमोडे? सगळा स्टँड एका गाडीत कोंबला जातो. माणसं तेवढीच, पण जागा थोडी पुरते. गाडी रद्द झाली, सगळे खाली उतरले, की स्टँड पुन्हा भरला. साखळीवर भार आहे तोवर पाण्याचे रेणू तिच्याभोवती असेच दाटीनं बसतात. आम्ल घालून भार मारला की पाणी सुटतं, पसरतं, आणि एकूण आकारमान वाढतं. किती वाढलं ते मोजायचं. त्यावरून साखळीनं किती पाणी आवळून धरलं होतं ते कळतं."

"आणि वाढतं किती?"

"फार तर मोहरीच्या दाण्याएवढं."

मी कपाळाला हात लावला. पण मोजायची रीत बघितल्यावर मात्र मीच त्यात अडकलो. काचेचं एक दोन पायांचं भांडं. एका पायात साखळीचं पाणी, दुसऱ्यात आम्ल. दोन्हींच्या वर काठोकाठ रॉकेल, कारण रॉकेल पाण्यात मिसळत नाही. आणि वर केसासारख्या छिद्राची उभी नळी. भांडं तिरकं केलं की खालची दोन्ही पाणी एकत्र होतात, आकारमान वाढतं, आणि नळीतला रॉकेलचा धागा वर चढतो. तो किती चढला ते सूक्ष्मदर्शकातून वाचायचं. मोहरीचा दाणा त्या बारीक नळीत चांगला लांबच्या लांब दिसतो.

अडचण एवढीच, की गरमीनं रॉकेल आपणहूनही चढतं. म्हणून ते भांडं अशा टाकीत बुडवून ठेवायचं, जिच्या पाण्याची गरमी केसभरही हलणार नाही. पाणी तापवायला सोलापुरात वीज लागत नाही, गार ठेवायला मात्र नाकी नऊ येतात. ती टाकी मी बनवली. बर्फाच्या कारखान्यातून भुश्यात गुंडाळलेली लादी यायची, तिच्यातून फिरवलेलं पाणी टाकी गार करायचं आणि माझा हीटर तेवढ्याला तेवढी ऊब द्यायचा. पाऱ्याचा एक नियंत्रक दोघांमध्ये समेट घडवून आणायचा. त्या टाकीचा मला मुलीसारखा अभिमान होता, आणि तिला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नसे.

नेमकं तेच झालं.

बाईंचे मार्गदर्शक डॉ. हिरेमठ परगावाहून वर्षातून एकदोनदा यायचे. शांत, शिस्तीचे, चुकीला क्षमा नसलेले गृहस्थ. साखळीची परदेशी पूड त्यांनीच मिळवून दिली होती. एक छोटी शिशी, जी आम्ही प्राणिशास्त्राच्या फ्रिजमध्ये बेडकांच्या शेजारी ठेवायचो. पंच्याहत्तरच्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असताना ते आले, बाईंच्या आकड्यांवरून नजर फिरवली आणि चष्मा काढला.

"बाई, हे काय आहे? तीच साखळी, तेच आम्ल. कधी धागा नीट चढतो, कधी अर्ध्यावर थांबतो. आणि न चढलेलेच प्रयोग जास्त. साखळी एका दिवशी पाणी धरते आणि दुसऱ्या दिवशी धरत नाही, असं निसर्गात नसतं. टाकी सदोष आहे, किंवा हात."

मी उसळून काही बोलणार, तोच बाईंनी मला नजरेनंच अडवलं.

"शिशीत किती उरलंय?" हिरेमठांनी विचारलं.

"तळाला आहे, सर."

"दुसरी मिळणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी पुन्हा येईन. तोवर आकडे जुळले तर बघू. नाहीतर विषय बदला. जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्याचं पृथक्करण करा, वर्षात पदवी पदरात पडेल. सोपं काम आहे."

वाईट सल्ला नव्हता, खरं तर मायेचाच होता. पण बाई त्या दिवशी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून राहिल्या आणि मला म्हणाल्या, "विहिरीचं पाणी कुणीही मोजेल हो. हे पाणी मी सोडून इथं कोण मोजणार? आत्ता हे हातातून गेलं की गेलं. पुन्हा मला कोण शिशी देणार आणि घरातून कोण सोडणार?" डोळ्यांत पाणी होतं. मी उठून टाकीचा पारा बदलायला गेलो.

पुढचे दोन महिने आम्ही वेड्यासारखे काढले. पाणी तीनदा ऊर्ध्वपातित केलं. काच आम्लात उकळली. आम्ल बदललं, रेशनचं रॉकेल सोडून महागातलं आणलं. मी टाकीचा प्रत्येक जोड उघडून बसवला. साखळीची पूड जपायची म्हणून एका खेपेला अगदी चिमटीएवढीच घ्यायची. तरी तेच. मंगळवारी, बुधवारी बाईंना तासाभराची सवड मिळायची, तेव्हा केलेला एखादा प्रयोग सुरेख यायचा. सोमवारी त्यांना प्रॅक्टिकल नसत, दिवसभर मोकळा हात, म्हणून मोठं काम सोमवारी. आणि सोमवारी धागा हमखास अर्ध्यावर रुसून बसायचा.

एका सोमवारी संध्याकाळी मी वैतागून म्हणालो, "बाई, टाकीला बोलायचं काम न्हाय. टाकीला वार कळत न्हाईत. तुमची साखळीच लिंगायत हाय. सोमवारचा निर्जळी उपास धरती ती!"

बाई हसल्या नाहीत. हातातली नळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय म्हणालात?"

"चेष्टा केली हो."

"नाही, नाही. निर्जळी. बरोबर आहे की! सोमवारी ती पाणी कमी सोडते, म्हणजे सोडायला तिच्याजवळ पाणीच कमी असतं. माझं आम्ल पोचायच्या आधीच कुणीतरी तिचं पाणी काढून घेतलेलं असतं. वाघमोडे, हे मोजमाप चुकलेलं नाही. सोमवारी शिरणारा कुणीतरी चोर आहे."

आता चोर शोधायचा. सोमवारी खोलीत काय वेगळं असतं? झाडू तोच, बर्फ तोच, मी तोच. मग पुढच्या सोमवारी एक नवल घडलं. धागा झरझर चढला, मंगळवारसारखा. बाईंनी टाळीच वाजवली. त्याच्या पुढच्या सोमवारी मात्र पुन्हा अर्ध्यावर. मी म्हटलं, "मधल्या सोमवारी काय निराळं होतं, सांगा." बाईंनी बराच विचार केला. "इथं काहीच नाही. घरी अत्ती नव्हत्या, एवढंच. अक्कलकोटला बारशाला गेल्या होत्या."

"मंग सुंदरम्माच चोर," मी म्हणालो, आणि दोघंही हसलो.

त्यानंतरच्या सोमवारी बाई साखळीची पूड तोलत होत्या. तराजू काचेच्या पेटीतला, खाली काळी काच. पूड इतकी हलकी की श्वासानं उडते, म्हणून बाई वाटीवर अगदी ओणव्या होऊन, श्वास रोखून तोलायच्या. मी खिडकीचं दार थोडं उघडलं आणि उन्हाची एक तिरीप पेटीवर पडली. काळ्या काचेवर दोनतीन पांढरे कण दिसले. बाईंना वाटलं पूड सांडली. त्यांनी फडक्यानं काच पुसली, पुन्हा ओणव्या झाल्या. पुन्हा दोन कण. पूड तर वाटीतच होती.

बाईंनी हळूच कपाळाला बोट लावलं आणि बोटाकडे पाहिलं. बोट पांढरं झालं होतं.

ह्याचा उलगडा असा. रोज सकाळी बाई पूजेनंतर स्वतः विभूती लावायच्या, ती पाण्यात कालवून. ओली विभूती वाळली की घट्ट बसते. सोमवारी मात्र सुंदरम्मा पहाटे सिद्धेश्वराच्या देवळात जायच्या आणि तिथून कोरडं भस्म घेऊन यायच्या. घरातलं कुणीही त्या भस्माविना उंबरा ओलांडायचं नाही, आणि ते सुंदरम्मांनीच प्रत्येकाच्या कपाळाला तीन बोटं भरून फासायचं, असा त्यांचा शिरस्ता. सोलापूरच्या कोरड्या हवेत कपाळाला घामाचा ओलावाही राहत नाही. बाई ओणव्या झाल्या की भस्म झरायचं, थेट साखळीच्या वाटीत. भस्मात चुना, म्हणजे कॅल्शियम. ऋण भाराच्या साखळीला कॅल्शियम मिळालं की ती त्याला मिठी मारते आणि आवळलेलं पाणी सोडून देते.

बाई आधी हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी टाकीवर थाप मारून ओरडलो, "सुटली! माझी लेक निर्दोष सुटली!" शेजारच्या वर्गातलं व्याख्यान थांबलं, पण मला त्याची पर्वा नव्हती.

आता प्रश्न सुंदरम्मांचा होता. मी म्हणालो, कॉलेजात आल्यावर कपाळ पुसायचं, घरी कशाला सांगता? बाईंना ते पटलं नाही. "त्या एवढ्या पहाटे उठून माझ्यासाठी आणतात, आणि मी दारामागं जाऊन पुसू? नाही जमायचं." त्याच संध्याकाळी त्यांनी सासूला सगळं सांगितलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. सुंदरम्मांनी सगळं नीट समजून घेतलं होतं. मग म्हणाल्या होत्या, "म्हंजे वरीसभर तुझ्या कामात माती मीच कालवली व्हय? देवाच्या भस्मानं पाणी सुटतं म्हणतीस. मला दाव. डोळ्यानं बघितल्याबिगर म्या मानायची न्हाय."

एप्रिलमध्ये हिरेमठ आले, तेही सोमवारी. मधल्या काळात बाईंनी स्वच्छ कपाळानं केलेले सगळे प्रयोग एकमेकांशी जुळले होते. शिवाय एका प्रयोगात आम्लाच्या जागी निव्वळ कॅल्शियमचं क्षारपाणी घालून धागा किती चढतो तेही पाहून ठेवलं होतं. शिशीत आता एका प्रयोगापुरतीच पूड उरली होती.

हिरेमठांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नवे आकडे चांगले आहेत. पण जुने न जुळलेले आकडे तुम्ही भस्मावर ढकलता, हे मी परीक्षकांपुढं कोणत्या तोंडानं मांडू? राखेतला चुना पाण्यात विरघळत नाही, बाई. न विरघळलेलं कॅल्शियम साखळीपर्यंत पोचणार कसं? चूक तुमच्या हाताची असेल तर नवे आकडेही उद्या फिरतील."

"पाण्यात विरघळत नाही, सर, मान्य. पण साखळी ते ओढून घेते. राखेतला खार गडबड करेल म्हणून मी भस्म धुऊन, वाळवून ठेवलंय. आधी नुसत्या पाण्यात भस्म घालून दाखवते. धागा हलणार नाही. मग साखळीत घालते. कॅल्शियमच्या क्षारानं धागा जितका चढला होता, भस्मानंही तितकाच चढायला हवा." त्यांनी नळीमागच्या पट्टीवर शाईची रेघ ओढली. "इथपर्यंत. नाही चढला, तर मी उद्यापासून विहिरी मोजायला लागते."

शेवटची पूड होती. मी बाईंच्या कानाशी लागून म्हणालो, रेघ कशाला ओढता, 'चढेल' एवढंच म्हणा की. त्यांनी ऐकलं नाही.

तेवढ्यात दारात सुंदरम्मा उभ्या राहिल्या. इरकल नेसलेल्या, हातात भस्माची पितळी डबी. हिरेमठ म्हणजे जंगम, लिंगायतांच्या गुरुघराण्यातले. सुंदरम्मांनी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि सर संकोचून मागे सरकले. मग सुंदरम्मांचं लक्ष त्यांच्या कपाळाकडे गेलं. सर स्टेशनवरून थेट सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आले होते. कपाळभर कोरडं भस्म होतं, आणि सर तराजूतल्या पुडीच्या वाटीवर वाकण्याच्या बेतात होते.

"स्वामी," सुंदरम्मा म्हणाल्या, "जरा मागं सरा की. कपाळाचं पडंल साखळीत. आमी एकदा भोगलंय."

हिरेमठांनी एकदा सुंदरम्मांकडे पाहिलं, एकदा काळ्या काचेकडे. तिथं एक पांढरा कण पडलेला होता. सरांनी खिशातून रुमाल काढला, नळाखाली भिजवला आणि आपलं कपाळ स्वच्छ पुसून घेतलं. मला वाटतं, अर्धी लढाई तिथंच जिंकली होती, पण बाईंना अर्ध्यात समाधान नव्हतं.

आधी नुसतं पाणी आणि भस्म. भांडं तिरकं केलं. धागा जागचा हलला नाही. मग भांडं धुऊन, नवं रॉकेल भरून, एका पायात साखळीचं शेवटचं पाणी आणि दुसऱ्यात बाईंनी धुऊन ठेवलेलं भस्म, सुंदरम्मांच्या हातानं टाकलेलं. सुंदरम्मांनी ते टाकताना ओठ हलवले, बहुधा देवाचं नाव घेतलं. भांडं टाकीत बुडलं. टाकी स्थिर व्हायची वाट पाहिली. मी नियंत्रकावरून नजर हटवली नाही. बाईंनी भांडं तिरकं केलं.

धागा चढला. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चढला, चढला, आणि रेघेच्या बऱ्याच खाली थांबला.

"थांबला," सर म्हणाले. आवाजात विजय नव्हता, उलट वाईटच वाटल्यासारखं होतं.

बाईंचा चेहरा पांढरा पडला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. "थांबला नाही, सर. क्षार विरघळलेला होता, म्हणून त्यानं एका दमात काम केलं. भस्मातला चुना साखळीला कणाकणानं ओढून काढावा लागतो. वेळ लागेल. चहा घेऊ या."

चहा आला. कुणाला तो गोड लागला असेल असं वाटत नाही. सुंदरम्मा मात्र चहाला उठल्याच नाहीत. "मला दाव कुटं बघायचं ते," म्हणाल्या आणि सूक्ष्मदर्शकासमोरच्या स्टुलावर मांडी घालायला गेल्या. बाईंनी त्यांना नीट बसवलं, कोणता डोळा मिटायचा ते सांगितलं. जन्मात पहिल्यांदा असल्या यंत्राला डोळा लावलेली ती बाई तिथून हलायला तयार नव्हती.

सर आणि बाई दबक्या आवाजात साखळीच्या कड्यांबद्दल बोलत होते. मी बर्फाची लादी फोडत होतो. उन्हं खिडकीतून तिरपी झाली.

"दाक्षी," सुंदरम्मा डोळा न काढता म्हणाल्या, "सरकतंय ग."

बाई धावल्या नाहीत. "कुठपर्यंत, अत्ती?"

"रेघंच्या खाली हाय. लई हळू हाय. गोगलगाईवानी." मग बराच वेळ काही नाही. मग एकदम सुंदरम्मांनी स्टुलाच्या कडेवर हात आपटला. "लागलं! रेघंला लागलं की ग! आन् तितंच बसलं, वर न्हाय जात!"

हिरेमठ उठले. सुंदरम्मा बाजूला व्हायला तयार नव्हत्या, बाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं. सरांनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं, पट्टी तपासली, माझ्या टाकीचा तापमापक वाचला, पुन्हा पाहिलं. धागा शाईच्या रेघेवर बसला होता, जणू त्याच्यासाठीच ती ओढली होती.

"बाई," ते सरळ होत म्हणाले, "विहिरी राहू द्या. लिहायला बसा. सोमवारचे आकडे फेकायचे नाहीत. त्यांचं वेगळं प्रकरण करा. चुना ह्या साखळीचं पाणी कसं सोडवतो, हे इतक्या उघड कुणी दाखवलेलं माझ्या तरी वाचनात नाही." मग माझ्याकडे वळले. "वाघमोडे, टाकी उत्तम आहे. मी जानेवारीत बोललो ते मागं घेतो."

मी काय करणार? मी त्यांच्या पाया पडलो. माझ्या टाकीबद्दल असं बोलणारा माणूस मला पुन्हा कुठं भेटणार होता?

बाईंनी सासूच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्यांदा रडल्या. सुंदरम्मा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत कानडीत काहीतरी पुटपुटत राहिल्या. मला कानडी येत नाही, पण त्या शिव्या नव्हत्या हे कळलं. वरांड्यात जमलेल्या मुलांना काय झालं ते समजलं नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी ओल्या डोळ्यांनीच त्यांना वर्गात हाकललं.

पुढं दीडेक वर्षानं बाईंना पदवी मिळाली. सोमवारचं प्रकरण सगळ्यात जाडजूड झालं होतं, आणि परीक्षकांनी तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न त्याच्यावरच विचारले. बाईंनी त्यांनाही एसटीचं उदाहरण दिलं म्हणे. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, आणि पाण्यावरून हसणाऱ्यांनी ते दोन-दोन खाल्ले.

पण मला आठवते ती त्या एप्रिलमधली संध्याकाळ. हिरेमठ निघाले, तर दारात थबकले. कपाळ रिकामं होतं, आणि सोमवार. जंगमानं तसं रस्त्यावर जायचं कसं? त्यांचा हात सवयीनं कपाळाकडे गेला. सुंदरम्मांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पितळी डबी उघडली, मग थांबल्या, नळापाशी जाऊन बोटं पाण्यात बुडवली आणि तळहातावर भस्म कालवून घेतलं. एरवी गुरूनं द्यायचं आणि बायकांनी घ्यायचं. त्या दिवशी सरांनी मान खाली केली आणि सुंदरम्मांनी त्यांच्या कपाळावर तीन ओली बोटं ओढली.

"ओली लावलीया, स्वामी," त्या म्हणाल्या. "आता कुटंबी वाका. पडायची न्हाय. आमच्या दाक्षीलाबी आता सोमवारी अशीच लावनार."